जिवाणूच्या पेशीत जिग-फिक्स्चर कुठं असतं?

टूलरूमवाला (सोमवार, रात्री ९:४०)
मंडळी, मी अंबडच्या एमआयडीसीत टूलरूमला आहे. जीवशास्त्राशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. मुलगी नीटची तयारी करतेय. काल ती घोकत होती, जिवाणूला केंद्रक नाही, पटलाने वेढलेली अंगकं नाहीत, हे नाही, ते नाही. मी म्हटलं, अगं, नाही नाही काय, आहे काय ते सांग! म्हणाली, पेशीद्रव, डीएनए, रायबोझोम आणि काहींना शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम. त्या शेपटीच्या बुडाची आकृती दाखवली आणि मी हादरलोच. रोटर, स्टेटर, मध्ये शाफ्ट, वर बुश.

आता प्रश्न. आमच्याकडे दोन पार्ट जागेवर बसवायचे तर लोकेटिंग पिन लागते, क्लॅम्प लागतो, गेज लागतं, हातात ड्रॉइंग लागतं. जिवाणूत हे सगळं कोण करतं? डीएनएत ड्रॉइंग आहे असं सांगू नका. मला जेवढं कळलं त्यावरून डीएनएत पार्टलिस्ट आहे, असेंब्ली ड्रॉइंग नाही. मग पार्ट जुळतात कसे?

मीनल_सूक्ष्म (सोमवार, रात्री १०:२५)
दादा, पार्टलिस्टचं अगदी नेमकं बोललात. मी इथंच नाशकात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि बीएस्सीच्या मुलांनासुद्धा हा प्रश्न सहसा पडत नाही.

आधी आतली परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची लांबी साधारण २ मायक्रॉन. त्यात ४६ लाख अक्षरजोड्यांचा डीएनए, सरळ ताणला तर दीड मिलिमीटरच्या वर भरेल, म्हणजे पेशीच्या लांबीच्या शेकडो पट. बाकीच्या जागेत प्रथिनं आणि आरएनए इतके दाटलेले की लिटरमागे ३०० ग्रॅमच्या पुढे जातात. आणि यातलं काहीही स्वस्थ नाही. उष्णतेमुळे प्रत्येक रेणू सतत ढकलला जातोय. या दाटीतही मध्यम आकाराचं एखादं प्रथिन पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या भागात पोचतं. त्यामुळे पार्ट आणून द्यायला कोणी लागत नाही. प्रत्येक जण प्रत्येकाला आपटत असतो.

आपटणाऱ्यांपैकी बहुतेक लगेच सुटतात. जिथं दोन पृष्ठभाग आकाराने जुळतात, पाण्याला नकोसे भाग समोरासमोर येतात, धन-ऋण भार जुळतात, तिथं जोडी टिकते. यातला एकेक बंध कमकुवत असतो, आणि ते फार सोयीचं आहे. चुकीची जोडी दोन-तीन बंधांवर लटकते आणि पुढच्या धक्क्याला सुटते. बरोबर जोडीत वीस-तीस बंध एकदम लागतात, ती सुटत नाही. म्हणजे लोकेटिंग पिन पार्टच्या अंगातच आहे.

दवबिंदू (सोमवार, रात्री १०:४१)
वा मीनलताई! खुर्ची ओढून बसले.

अवधूत_पुणे (सोमवार, रात्री ११:३०)
मूळचा नाशिकरोडचा, आता पुण्यात पीएचडी. मीनलताईंच्या मुद्द्याला जुना आणि भक्कम पुरावा आहे: रायबोझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र.

जिवाणूच्या रायबोझोमचे दोन तुकडे. लहान तुकड्यात एक लांब आरएनए आणि २१ प्रथिनं. १९६८ मध्ये ट्राउब आणि नोमुरा यांनी हा लहान तुकडा पार सुटा केला, आरएनए वेगळा, प्रथिनं वेगळी, आणि नळीत परत एकत्र केला. क्षार योग्य प्रमाणात, तापमान ४० अंशांच्या आसपास. तो परत जुळला आणि प्रथिनं बनवायच्या कामाला लागला. पेशी नाही, कोणी मार्गदर्शक नाही. पुढे असंही दिसलं की काही प्रथिनं थेट आरएनएवर बसतात, ती बसल्यावर आरएनए वळतो आणि त्या वळणामुळे पुढच्या प्रथिनाची जागा तयार होते. दादा, क्रम कुठं लिहिलेला नाही. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची जागाच अस्तित्वात नसते.

पेठरोड (मंगळवार, सकाळी ६:१५)
सगळं आपोआप, आपोआप. अहो, नळीत जमलं म्हणजे पेशीत तसंच होतं कशावरून? आम्ही पण रसायनशास्त्र शिकवलंय ३० वर्षं.

अवधूत_पुणे (मंगळवार, सकाळी ९:०५)
सर, शंका रास्त आहे. नळीत आणि पेशीत फरक आहेच. मोठ्या तुकड्याचंच घ्या. १९७४ मध्ये नीरहाउस आणि डोहमे यांनी तो नळीत जुळवला खरा, पण आधी ४४ अंशांवर २० मिनिटं, मग क्षार बदलून ५० अंशांवर ९० मिनिटं, एवढा खटाटोप करावा लागला. ई. कोलाय हेच काम ३७ अंशांवर काही मिनिटांत उरकतो, कारण चांगलं खायला मिळालं तर त्याला २० मिनिटांत दुप्पट व्हायचं असतं. पेशीत मदतनीस प्रथिनं असतात. आरएनए चुकीचा वळून अडकला तर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून त्याला सोडवतात आणि निघून जातात. तयार रायबोझोममध्ये ती सापडत नाहीत.

टूलरूमवाला (मंगळवार, सकाळी ९:२०)
म्हणजे फिक्स्चर. जॉब झाला की बाजूला. 👍

मीनल_सूक्ष्म (मंगळवार, दुपारी १:१०)
फिक्स्चर म्हणा, चालेल, पण एक फरक लक्षात ठेवा. ही प्रथिनं पार्टला जागेवर धरत नाहीत, अडकलेला पार्ट सोडवतात. आपली जागा पार्ट स्वतःच शोधतात.

मुलीला आणखी एक सांगा. "पटलाने वेढलेली अंगकं नाहीत" हे बरोबर आहे, पण वेढलेलं काहीच नाही असं समजू नये. नीलहरित जिवाणू असतात ना, इगतपुरीकडच्या भातखाचरांत पाण्यावर हिरवट थर येतो त्यातले, त्यांच्या पोटात कार्बॉक्सीझोम नावाच्या पेट्या असतात. पेटीला स्निग्ध पटल नसतं, भिंत निव्वळ प्रथिनाची. सहा-सहाच्या गटांच्या फरश्या एकमेकींना लागतात आणि सपाट पत्रा होतो. पत्र्याला बाक येऊन पेटी बंद व्हायची तर पाचाचे गट लागतात, आणि भूमितीच्या नियमाने ते बरोबर १२ च लागतात. आत रुबिस्को कोंडलेलं. रुबिस्को हे हवेतला कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम), पण बावळट, कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन पकडून बसतं. म्हणून पेटीत दुसरं एक विकर बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि रुबिस्कोच्या तोंडाशी तो भरपूर राहील असं बघतं. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेट्या पहिल्यांदा दिसल्या. पेट्यांचं काम कळायला १९७३ उजाडलं.

बागलाणी (मंगळवार, रात्री ८:००)
रामराम. सटाण्याकडे डाळिंब आहे आपलं. चर्चा डोक्यावरून चाललीय पण वाचतोय. डाळिंबावर पडणारा तेल्या रोग पण जिवाणूचाच ना? त्याच्या पोटात असलं काय काय असतं? आणि आम्ही बॅसिलस सबटिलिसची बाटली मारतो, त्यात नेमकं काय असतं?

मीनल_सूक्ष्म (मंगळवार, रात्री ९:३०)
दादा, बरं झालं आलात. तेल्या म्हणजे झँथोमोनास. तो दिसतो कसा हे आधी सांगते, कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत बघता येईल. पानावरचा ताजा, तेलकट दिसणारा डाग घ्यायचा. रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवर ब्लेडने बारीक तुकडा कापायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप. आधी लहान भिंग, मग ४० चं, आणि खालून येणारा प्रकाश बराच कमी करायचा, नाहीतर रंग न दिलेले जिवाणू उजेडात हरवतात. थोडा वेळ थांबलं की कापलेल्या कडेतून दुधट लोट बाहेर यायला लागतो. लोटाच्या टोकाशी नीट बघितलं तर वळवळणारे ठिपके वेगवेगळे दिसतात. बुरशीचा डाग असेल तर असा लोट येत नाही.

त्या प्रत्येक ठिपक्याला एका टोकाला एकच शेपटी. आणि झाडात घुसल्यावर तो आणखी एक यंत्र उभं करतो, पोकळ सुईसारखं. त्यातून स्वतःची प्रथिनं थेट वनस्पतीच्या पेशीत सोडतो आणि तिचा प्रतिकार पांगळा करतो. गंमत म्हणजे या सुईचा आणि शेपटीचा बुडाचा भाग एकाच घराण्यातला आहे. टूलरूमवाल्या दादांच्या भाषेत, बेस प्लेट तीच, वरचं टूलिंग बदललं.

बाटलीत बहुतेक करून बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेल्या पेशी, असतात, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. बीजाणूवर कितीतरी प्रकारच्या प्रथिनांचं कवच चढतं. कवच कुठं चढवायचं हे ठरवायला मदत करणारं एक प्रथिन फक्त २६ अमिनो आम्लांचं आहे. ते पटलाची वक्रता ओळखतं. पेशीच्या आत तयार होत असलेला बीजाणू हाच तिथला एकमेव फुगीर पृष्ठभाग, म्हणून ते तिथंच जाऊन बसतं.

टूलरूमवाला (मंगळवार, रात्री १०:१०)
एवढ्याशा प्रथिनाला रेडियस गेजचं काम जमतं? कमाल आहे. मग पुढचा प्रश्न. पेशी दोन समान भागांत फुटते ना? मध्य कसा सापडतो? आम्ही दोन्ही टोकं धरून माप घेतो. रेणू केवढा, पेशी केवढी! दोन्ही टोकांना त्याचा हात कसा पोचणार?

अवधूत_पुणे (बुधवार, रात्री १२:४५)
दादा, तुम्ही माझ्या सगळ्यात आवडत्या जागी आलात, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मध्यावर एफटीएस-झेड नावाच्या प्रथिनाचं कडं बसतं, १९९१ मध्ये बी आणि लुटकेनहाउस यांनी दाखवलं. ते कडं कुठंही बसू शकतं. प्रश्न हा की ते टोकाला का बसत नाही. त्याचं उत्तर मिन-सी, मिन-डी आणि मिन-ई या तिघांत आहे. मिन-डीने एटीपी धरला की तो पटलाला चिकटतो, आणि आधी चिकटलेले भाऊबंद जवळ असले की आणखी सहज चिकटतो. मिन-सी त्याच्या पाठीवर बसतो, आणि मिन-सी जिथं असेल तिथं झेडचं कडं बनू देत नाही. मिन-ई या मिन-डीला हुडकून त्याचा एटीपी फोडायला लावतो. फुटला की मिन-डी पटलावरून सुटला. सुटलेल्याला परत चिकटायला नवा एटीपी घ्यावा लागतो, त्यात थोडा वेळ जातो, तेवढ्यात तो भरकटतो. जुन्या जागी मिन-ई दबा धरून आहे, मग टिकाव कुठं लागणार? पलीकडच्या टोकाला. तिथं गर्दी जमते, मागोमाग मिन-ई पोचतो, तिथूनही हुसकावतो. परत पहिल्या टोकाला. एक फेरी साधारण मिनिटभराची.

१९९९ मध्ये रास्किन आणि डी बोअर यांनी मिन-डीला चमकणारं प्रथिन जोडून हे जिवंत पेशीत बघितलं. उजवं टोक उजळतं, विझतं, डावं उजळतं. सरासरी काढली तर दोन्ही टोकांना मनाई जास्त, मध्यावर सगळ्यात कमी. कडं तिथं बसतं. माप कोणी घेतलं नाही, दादा. टोकं धरायला हात लागले नाहीत.

आता पेठरोड सरांसाठी. २००८ मध्ये जर्मनीत श्विले यांच्या गटाने काचेवर सपाट पटल पसरलं, वर मिन-डी, मिन-ई आणि एटीपी टाकलं. पेशी नाहीच. पटलावर लाटा उठल्या, सर्पिलं फिरायला लागली. पुढे पेशीच्या आकाराच्या बारीक खाचा केल्या तर त्यात टोकाकडून टोकाकडे तीच ये-जा सुरू झाली.

पेठरोड (बुधवार, सकाळी ६:३०)
वाचलं. हे मात्र रायबोझोमपेक्षा वेगळं आहे हे तुमच्या लक्षात येतंय का? रायबोझोम जुळला की जुळला, तो समतोलाकडे गेला. इथं एटीपी संपला तर?

अवधूत_पुणे (बुधवार, सकाळी ८:५०)
लाटा थांबतात सर.

पेठरोड (बुधवार, सकाळी ९:१०)
मग दोन्हींना "आपोआप" म्हणून एकाच पोत्यात भरू नका. एकात पार्ट खाली घरंगळत जाऊन जागेवर बसतात. दुसऱ्यात रचना टिकवायला क्षणाक्षणाला इंधन जाळावं लागतं. कार्बॉक्सीझोम फोडलेल्या पेशीतून आख्खा काढता येतो, तुमची मिनची लाट काढून दाखवा. माझी हरकत एवढीच होती.

मीनल_सूक्ष्म (बुधवार, दुपारी १२:००)
सर, हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर मी आजच्या तासाला जशास तसं वाचून दाखवलं असतं 😄 आणि झेडचं कडं तर दोन्हींच्या सीमेवर आहे. त्याचे धागे एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला झिजतात, जीटीपी हे एटीपीसारखंच इंधन खर्चून. त्यामुळे ते मध्यावर सरकत राहतात आणि भिंत बांधणारी विकरं त्यांच्या मागोमाग गोल फिरतात.

मिनची लाट काढून दाखवता येत नाही, पण ताणून दाखवता येते. सेफॅलेक्सिन हे नेहमीचं प्रतिजैविक पेशी फुटतानाची भिंत बांधणाऱ्या विकराला अडवतं. थोड्या मात्रेत ई. कोलायला दिलं की तो वाढतो पण फुटत नाही. आमची मुलं रंग देऊन ही काचपट्टी करतात. आखूड गुलाबी कांड्यांच्या जागी लांबच लांब गुलाबी धागे, काही तर दृष्टिक्षेत्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. अशा न फुटलेल्या लांब पेशीत मिन-डी दोन टोकांपुरता राहत नाही, ठरावीक अंतरावर पट्टे पडतात आणि ते आलटून पालटून उजळतात. म्हणजे लाटेला स्वतःची लांबी आहे, आणि साध्या पेशीत त्या लांबीचा एकच झोका मावतो.

पेठरोड (बुधवार, दुपारी ४:२०)
हे आवडलं. पण शेपटीच्या बुडाची ती मोटर? अठरा हजार आरपीएमची मोटर अशी धक्के खात जुळली, हे पटत नाही. कोणीतरी रचलेली दिसते.

संपादक मंडळ (बुधवार, संध्याकाळी ५:००)
उत्क्रांती की निर्माता, यासाठी वेगळा धागा काढावा. इथं जुळणीबद्दलच बोलू या.

अवधूत_पुणे (बुधवार, रात्री ११:१५)
मंडळाचा मान राखून फक्त जुळणी सांगतो.

आतल्या पटलात कडं आणि त्याच्या पोटात निर्यातीचं दार. मग भिंतीतून जाणारा दांडा. मग बाहेर वाकडा हुक. मग शेपटी, जी एका फ्लॅजेलिन प्रथिनाच्या २०,००० पर्यंत प्रतींची असू शकते. शेपटी बुडाकडून वाढत नाही, शेंड्याकडे वाढते. प्रत्येक फ्लॅजेलिन उलगडलेल्या अवस्थेत २ नॅनोमीटरच्या पोकळीतून सगळी लांबी पार करून शेंड्याला पोचतं आणि तिथल्या टोपीखाली वळून जागेवर बसतं.

यात धोका एकच. हुक पूर्ण व्हायच्या आत फ्लॅजेलिन बनवायला घेतलं तर सगळं वाया. २०,००० प्रती म्हणजे पेशीसाठी दिवाळं. मग हुक पूर्ण झाला हे जनुकांना कसं कळतं? एफएलजी-एम नावाचं एक प्रथिन फ्लॅजेलिनचं जनुक चालू करणाऱ्या घटकाला मिठी मारून बसलेलं असतं. हुक ठरलेल्या लांबीला पोचला की निर्यातीचं दार आपली निवड बदलतं, हुकचे पार्ट बंद, पुढचा माल सुरू. या पुढच्या मालात एफएलजी-एमसुद्धा आहे! त्याच दारातून ते बाहेर फेकलं जातं, मिठी सुटते, जनुक चालू होतं, फ्लॅजेलिन बनायला लागतं. ह्यूजेस आणि सहकाऱ्यांनी हे १९९३ मध्ये दाखवलं. मला विचाराल तर जिवाणूशास्त्रात यापेक्षा देखणा प्रयोग थोडाच असेल. निरीक्षक नेमला नाही, अर्धवट यंत्रालाच तपासणी करायला लावली.

टूलरूमवाला (गुरुवार, सकाळी ७:४५)
थांबा. "ठरलेल्या लांबीला पोचला" असं पटकन बोलून पुढं गेलात. लांबी मोजली कोणी? इथं तरी गेज हवंच.

अवधूत_पुणे (गुरुवार, सकाळी ८:३०)
आहे! हुकची लांबी साल्मोनेला या जिवाणूत सुमारे ५५ नॅनोमीटर. ती मोजणारं प्रथिन एफएलआय-के. ते नसेल तर हुक वाढतच सुटतो आणि शेपटी येतच नाही. ते मुद्दाम लांब केलं तर हुक लांब होतो. येर्सिनिया या दुसऱ्या जिवाणूच्या सुईतही हेच दिसलं, २००३ मध्ये: मोजणारं प्रथिन जेवढं वाढवलं तेवढ्या प्रमाणात सुई वाढली. आणि हे गेज सतत लावलेलं नसतं. हुक वाढत असताना अधूनमधून एखादं एफएलआय-के पोकळीतून बाहेर जातं. हुक आखूड असेल तर सरकन निघून जातं. पुरेसा लांब असेल तर जाता जाता त्याचं शेपूट दारापाशी रेंगाळतं, दाराला धक्का लागतो आणि निवड बदलते.

टूलरूमवाला (गुरुवार, सकाळी ८:४०)
गो, नो-गो गेज, पास की नापास एवढंच सांगणारं. डिट्टो. आणि सॅम्पलिंग इन्स्पेक्शन. आज डबा खाताना पोरांना सांगतो.

बागलाणी (गुरुवार, दुपारी २:००)
ताई, त्या तेल्याच्या सुईचं सांगा. सुई नसली तर तेल्या काय करेल?

मीनल_सूक्ष्म (गुरुवार, रात्री ९:००)
काही करू शकत नाही. सुईची जनुकं बिघडवलेला झँथोमोनास निरोगी पानात टोचला तरी रोग करत नाही. म्हणून सुई मोडणारे रेणू शोधायचं काम प्रयोगशाळांतून चालू आहे. जिवाणू मारायचा नाही, फक्त हत्यार काढून घ्यायचं. जुन्या स्ट्रेप्टोमायसिनच्या फवारणीचा रोख अवधूतने सांगितलेल्या रायबोझोमच्या लहान तुकड्यावर. तिथल्या एका प्रथिनात छोटासा बदल झाला की औषध लागू पडत नाही, आणि असा बदललेला एखादा जिवाणू अब्जावधींत असतोच. मग फवारा जितका जास्त, तितका तोच एकटा मागे उरतो.

बागलाणी (गुरुवार, रात्री ९:२०)
म्हणजे सध्या कात्री हायपोक्लोराईटमध्ये बुडवत छाटणी करायची आणि डागी फळं गोळा करून जाळायची, तेच ना?

मीनल_सूक्ष्म (गुरुवार, रात्री ९:२५)
हो. आणि प्रत्येक झाडाला कात्री बुडवायची, ओळीला एकदा नाही. डागाचं पान घेऊन कधी नाशकात आलात तर निरोप द्या, लोट दाखवते.